पत्ता लपतो गोष्टीत

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येतात. चहा येतो, तारखा निघतात. कलाकार किती, लायटिंग कसं, वग कोणता, आकडा किती, अशी घासाघीस होते आणि सुपारी फुटते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि त्यांच्यानंतर विठाबाई यांच्यामुळे जुन्नर तालुक्यातलं हे गाव तमाशाची पंढरी झालं.

या राहुट्यांत पत्त्यांची जादू करणारा कुणी सुपारीची वाट बघत बसलेला नसतो. तरी पत्त्यांच्या जादूवर लिहायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. हातात एक कॅट आणि तोंडात एक गोष्ट एवढ्या भांडवलावर दोन-दोन तास रंगमंच धरून ठेवणारे जादूगार गेल्या काही दशकांत परदेशात नावाजले गेले. त्यांनी वर्षानुवर्षं घासून कमावलेल्या कसबातलं निम्मं कसब आमच्याकडच्या सोंगाड्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. हे बोलणं धाडसाचं वाटेल, म्हणून आधी एक करामत.

कॅटातले चार गुलाम काढायचे. पंख्यासारखे पसरून लोकांना दाखवायचे, मिटायचे आणि पालथे करून कॅटावर ठेवायचे. आता गोष्ट सुरू.

"मंडळी, हा कॅट म्हणजे आपला नाणेघाट. तळाचा पत्ता म्हणजे पायथ्याचं वैशाखरे, वरचा पत्ता म्हणजे माथ्यावरचा जकातीचा रांजण. आणि हे चार गुलाम म्हणजे चार भामटे. कोकणातनं माल घेऊन निघालेत जुन्नरच्या बाजाराला. जकात तर द्यायची नाहीच, वर रांजणावरच डोळा! पण पहिल्याचा पाय मुरगळला, तो राहिला वैशाखऱ्यात." वरचा पत्ता उचलून जवळजवळ तळाशी सरकवायचा. "दुसरा करवंदं खात बसला जाळीत." पुढचा पत्ता मधोमध. "तिसरा म्हणाला, ऊन फार झालं. लेण्यात शिरला नि घोरायला लागला." तो जरा वर. "चौथा तेवढा पोहोचला." सगळ्यात वरचा पत्ता उलटून दाखवायचा: गुलाम. पुन्हा पालथा ठेवायचा. "पण एकट्याला रांजण हलतोय होय? आणि तेवढ्यात आला पाऊस. नाणेघाटात पावसाळी वारा सुटला की धबधबा खाली पडत नाही, उलटा वर उडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. असा वारा सुटला…" अंगठ्यानं कॅटाची कड फर्रर्र करून सोडायची, "…की खालचे तिघं उडून वर!" वरचे चार पत्ते एकेक करून उलटायचे. चारही गुलाम.

नाणेघाटाची गोष्ट मी जुळवलेली आहे. चोर-गुलामांची करामत मात्र जगभर जुनी. इतर ठिकाणी चोर एखाद्या इमारतीत मजल्या-मजल्यावर शिरतात आणि पोलीस आले की गच्चीवर पळतात. मुलांच्या जादूच्या पुस्तकांत ती हमखास असते, म्हणून तिचं गुपित सांगण्यात कुणाच्या पोटावर पाय येत नाही. चार गुलामांचा पंखा करताना सगळ्यात मागच्या गुलामाच्या आड तीन फालतू पत्ते एकावर एक चिकटवून धरलेले असतात. पंखा मिटून पालथा केला की ते तीन पत्ते सर्वांत वर येतात आणि चार गुलाम त्यांच्या खाली जातात. वैशाखऱ्यात, जाळीत आणि लेण्यात गेले ते हे तीन फालतू पत्ते. गुलाम जागचे हललेच नाहीत.

बारकावा आहे तो चौथ्या पत्त्यात. तो खरोखर गुलाम असतो आणि आपण तो उघडपणे दाखवतो. दुसऱ्या दिवशी लोकांना विचारलं तर निम्मे शपथेवर सांगतील की त्यानं चारही गुलाम ठेवताना दाखवले होते. एक खरं दाखवलं की मागचं तीन वेळचं खोटं आपोआप पचतं.

आता हीच करामत मुक्यानं करून बघा. गुलाम दाखवले, कॅटावर ठेवले, पुन्हा उचलून वेगवेगळ्या ठिकाणी खुपसले, पुन्हा वर आले. समोरचा पोरगा लगेच विचारेल, "मग आधी कॅटावर ठेवले कशाला? हातातनंच खुपसायचे ना!" त्यानं चोरी अगदी बरोबर जागी पकडली, कारण त्या निरुद्योगी ठेवण्या-उचलण्यातच सगळी लबाडी आहे. गोष्ट असली की हा प्रश्न डोक्यात येत नाही. चोर आधी घाटाशी आले, मग एकेक जण मागे पडला; यात विचित्र काय? जादूगाराला करावी लागणारी प्रत्येक संशयास्पद हालचाल गोष्टीत सरळ घटना होऊन बसते. शिवाय शेवटचा चमत्कारही गोष्टीला मंजूर असतो, कारण ज्या घाटात पाणी वर उडतं तिथं गुलामांनी उडावं हे मनाला फारसं खटकत नाही.

गोष्टीचं दुसरं काम वेळेचं. या करामतीत चोरी होते ती पहिला शब्द उच्चारण्याआधी आणि चमत्कार दिसतो दीड-दोन मिनिटांनी. प्रेक्षक डोळे वटारतो तेव्हा चोर केव्हाच घरी गेलेला असतो. मधला वेळ नुसता काढायचा नसतो, माणसाचं डोकं त्यात गुंतवायचं असतं. गुंतलेलं डोकं डोळ्यांसमोरची वस्तूही कशी पाहत नाही, हे डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ सालच्या प्रयोगानं दाखवलं. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत लोकांना दाखवली आणि पांढऱ्या कपड्यांतले किती वेळा चेंडू टाकतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेशातलं एक माणूस खेळाडूंमधून चालत आलं, छाती बडवून निघून गेलं. जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. त्यांचे डोळे उघडे होते आणि पडदा समोरच होता, फक्त मन मोजण्यात होतं. जादूगाराची गोष्ट म्हणजे हे मोजायला लावणंच.

इथं आमचा सोंगाड्या आठवतो. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी तमाशाची परंपरागत चढण. त्यातली बतावणी म्हणजे नुसती विनोदी बडबड, असा शहरी समज आहे. पण बतावणीत सरदार एका वाटेनं प्रश्न नेतो, ऐकणाऱ्याचं मन त्याच वाटेनं पुढे धावतं आणि सोंगाड्या शब्दाचा सांधा बदलून गाडी भलत्याच रुळावर घालतो. नमुन्यादाखल मीच एक जुळवतो. सरदार म्हणतो, "अरे, पत्ता सांग तुझा." सोंगाड्या: "इस्पिकची राणी." "तसला नाही रं, राहायचा पत्ता!" "मग तिच्याजवळच की!" हशा पिकतो. तो हशा दोन-तीन सेकंदांचा असतो आणि त्या दोन-तीन सेकंदांत कुणीही कुणाच्या हाताकडे बघत नाही. कितीतरी पत्तेवाले जादूगार आपलं खरं काम नेमकं त्याच वेळी उरकतात. हसणारा माणूस सैल पडतो. कधी सैल पाडायचं आणि कधी पुन्हा ताणायचं, हे सोंगाड्याला शिकवावं लागत नाही; त्याला फक्त पत्ते धरायला शिकवावं लागेल.

पत्त्यांच्या जादूची रंगमंचावरची खरी अडचण वेगळी आहे. पत्ता हाताच्या पंजाएवढाही नसतो. दहाव्या रांगेतल्या माणसाला बदामची सत्ती आणि अठ्ठी सारखीच. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या जादूगारांनी पेट्या, पिंजरे, तलवारी आणि गायब होणारी माणसं निवडली. यात्रेच्या मैदानावर तेच चालतं. पत्त्यांची जादू दिवाणखान्यात वाढली. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नामध्ये योहान हॉफत्सिन्झर हा गृहस्थ निमंत्रित मंडळींपुढे पत्त्यांचे प्रयोग करी आणि प्रत्येक प्रयोगाला स्वतः बेतलेलं निवेदन जोडी. पत्त्यांच्या जादूला त्यानं पहिल्यांदा साहित्याची चाल दिली असं म्हणायला हरकत नाही. पत्ता लांबून दिसत नाही, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. रिकी जे या अमेरिकी जादूगारानं १९९४ साली न्यूयॉर्कला 'रिकी जे अँड हिज ५२ असिस्टंट्स' हा प्रयोग केला तोही मुद्दाम छोट्या नाट्यगृहात. ५२ मदतनीस म्हणजे कॅटातले पत्ते. दिग्दर्शक होते नाटककार डेव्हिड मॅमेट. जुन्या जुगाऱ्यांच्या, ठकांच्या आणि विसरल्या गेलेल्या जादूगारांच्या हकिकती सांगता सांगता तो पत्ते हलवी. अलीकडे, २०१७-१८ मध्ये, डेरेक डेलगाउडिओनं न्यूयॉर्कलाच 'इन अँड ऑफ इटसेल्फ' या प्रयोगात स्वतःच्या आयुष्याचीच गोष्ट पत्त्यांबरोबर मांडली.

मला स्वतःला या सगळ्यांत अर्जेंटिनाचे रेने लावांद अधिक आवडतात. नऊ वर्षांचे असताना अपघातात त्यांचा उजवा हात गेला. पत्त्यांची बहुतेक पुस्तकं दोन हातांच्या माणसासाठी लिहिलेली. लावांदांनी डाव्या एका हातानं सगळं नव्यानं बसवलं. तीन लाल आणि तीन काळे पत्ते आलटून-पालटून ठेवायचे आणि ते तेल-पाण्यासारखे पुन्हा वेगळे झालेले दाखवायचे, हा त्यांचा गाजलेला प्रयोग. दर खेपेला ते वेग आणखी कमी करीत. हात जितका सावकाश, तितका आवाज खोल आणि गोष्टीतला ठहराव लांब. 'हातचलाखी' या आपल्या शब्दात चलाखी म्हणजे चपळाई, असं आपण धरून चालतो. लावांदांनी आयुष्यभर त्याच्या नेमकं उलट करून दाखवलं. २०१५ साली ते गेले.

आता आणखी कठीण प्रकार. यात आख्खा कॅटच गोष्ट सांगतो. जादूगार पत्ते पिसतो, कापतो आणि बोलता बोलता एकेक पत्ता टाकत जातो. प्रत्येक पत्ता त्याच्या वाक्यातला पुढचा शब्द निघतो. अमेरिकेत बिल मलोन यांनी लोकप्रिय केलेली हॉटेलातल्या सॅम नावाच्या नोकराची गोष्ट अशीच आहे. खोलीचा नंबर आला की तेच आकडे पडतात, बायका आल्या की राण्या पडतात. गुपित एवढंच की कॅट आधीच लावलेला असतो आणि पिसणं खोटं असतं, म्हणजे हात पिसल्यासारखे हलतात पण क्रम मोडत नाही. वाचायला एक वाक्य, करायला काही वर्षं.

हे मराठीत कुणी केलं तर काय बहार येईल! आपली भाषाच पत्त्यांनी भरलेली आहे. कमी प्रतीची माणसं दुर्री-तिर्री, लबाडी म्हणजे छक्केपंजे, खात्रीचा माणूस हुकमाचा एक्का, डावलला गेला त्याचा पत्ता कट. सरपंचपदाच्या निवडणुकीची गोष्ट घ्या: गावातल्या दुर्री-तिर्रीनं छक्केपंजे केले, राजाचा पत्ता कट झाला आणि राणी निवडून आली. दुर्री, तिर्री, छक्की, पंजी, राजा, राणी. सहा पत्ते लागले आणि पंचायतही बसली.

ऐकणारा म्हणेल, पण जादूगारानं पत्ते पिसले ना? पिसण्यावर आपला फार विश्वास. ५२ पत्ते जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात ती संख्या ८ वर ६७ शून्यं एवढी प्रचंड आहे. कॅटाचे दोन भाग करून कडा एकमेकांत फर्रर्र मिसळायच्या, या पद्धतीनं सात वेळा पिसलं की पत्ते पुरेसे मिसळतात, असं डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. डायकोनिस स्वतः तरुणपणी जादूगार होते, हे ओघानं आलंच. पण पारावर किंवा कांद्याच्या चाळीपाशी बसून आपण पिसतो ते असं नाही. आपण हातावर झुबके सोडत पिसतो. त्या पद्धतीनं नीट मिसळायला हजारो वेळा पिसावं लागतं, असं गणित सांगतं. रमी खेळणाऱ्यांना हे गणिताशिवाय ठाऊक असतं. मागच्या डावातली सात-आठ-नऊची रांग पुढच्या डावात तशीच कुणाच्या तरी हातात येते आणि तो काही बोलत नाही.

आकड्यांवरून आठवलं. ज्या नाणेघाटातून आपण मघाशी चार गुलाम उडवले, तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी आणि नाणी त्यात आकड्यांत मोजलेली आहेत. आज सगळं जग वापरतं त्या अंकांच्या अगदी जुन्या पूर्वजांपैकी काही तिथं दगडात कोरलेले दिसतात. कॅटावरच्या सत्ती-नव्वीचं मूळ गाव शोधायचं तर जुन्नर तालुक्याला त्यात थोडा हक्क सांगता येईल.

आणि गोष्टवाले पत्ते? ते महाराष्ट्रात फार आधीपासून आहेत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हा गोल पत्त्यांचा संच आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पानं, असे एकूण १२० पत्ते. दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या राजाकडून उतारी, रात्री कृष्णाच्या. गंजिफा मुघलांबरोबर आली. बाबरानं आपल्या आठवणींत १५२७ साली ती भेट पाठवल्याचं लिहिलं आहे. दख्खनेत आणि कोकणात तिला अवतार भेटले आणि नुसत्या जुगाराच्या पानांना कथा चिकटली. ही कला विझायच्या बेतात असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चितारी बसवून ती जगवली. एका पानावर मत्स्य आणि दुसऱ्यावर नरसिंह असताना वेगळी गोष्ट रचायचीही गरज नाही. गंजिफा हातात घेऊन दशावताराची जादू करणारा कुणी भेटला तर मी सावंतवाडीपर्यंत जाईन.

आणि गोष्ट सांगणारा जादूगार? जुन्नरशेजारच्या आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यात, चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे, म्हणजे जादूगार रघुवीर, हे या मुलखातलं जादूतलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहून ते अनुभव मराठी वाचकांना सांगितले. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनीही जादूचे प्रयोग चालू ठेवले. जादूगार चांगला सांगणाराही असावा लागतो, याचं उदाहरण शोधायला व्हिएन्नाला जायला नको.

गोष्ट सांगून पत्ता फिरवणाऱ्यांची दुसरीही एक जात आहे. कॉलेजात असताना एका यात्रेत, पाळण्याच्या मागं, पालथ्या खोक्यावर तीन पत्ते फिरवणाऱ्याभोवती मी उभा राहिलो. राणी ओळखा, दुप्पट घ्या. खेळवाला बिडी पेटवायला वळला आणि शेजारच्या माणसानं मला डोळा मारून राणीचा कोपरा हळूच दुमडला. मी पन्नासची नोट लावली. कोपरा दुमडलेला पत्ता उलटला तर किलवरची चव्वी. शेजारचा माणूस त्याचाच भिडू होता आणि दुमड एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणं हा त्या धंद्यातला रोजचा पाठ होता. पण मला फसवलं ते हातानं नव्हे. 'खेळवाल्याला आपण दोघं मिळून गंडवतोय' ही गोष्ट त्यांनी मला न बोलता सांगितली होती आणि तीत मला नायकाचं काम दिलं होतं. रंगमंचावरचा जादूगार तिकिटाच्या पैशात, आधी सांगून फसवतो, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक फार मोठा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती उघड करतात, ते याच फरकासाठी. ज्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथं जादूगारानं स्वतःला कलाकार म्हणवून घ्यावं, सिद्ध पुरुष नव्हे.

पुन्हा राहुट्यांकडे येऊ. फडांवर आता सिनेमाची गाणी वाढली, वग आखडला आणि बतावणी तर काही ठिकाणी दहा मिनिटांत गुंडाळतात. बतावणी गेली तर हशा कुठं पेरायचा आणि नजर कधी वळवायची हे जाणणारी माणसंही तिच्याबरोबर जातील. जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्यांना म्हणून माझी एक विनंती आहे. यंदा राहुटीत बसाल तेव्हा गाणी किती हे विचारून झालं की बतावणी किती वेळ, हेही विचारा आणि ती पूर्ण हवी असं सुपारीच्या कागदावर लिहून घ्या. फडात एखादा पत्ते खेळणारा सोंगाड्या असेलच. त्याला चार गुलाम आणि नाणेघाट दाखवा. पुढचं तो बघून घेईल.